वाचून दाखवायचा कागद

पट्टीताईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारी आता फक्त थोरली बहीण उरली होती, आणि तीसुद्धा रागावली असेल तरच. बाकी सगळ्या जगासाठी त्या पट्टीताई. हिंदी सिनेमाच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्यात सूत्रधार आणि पाहुणे अगदी सहज सुचल्यासारखं जे बोलतात, ते सगळं प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर एका मोठ्या पडद्यावर सरकत असतं. प्रेक्षकांची पाठ तिकडे असते, म्हणून त्यांना पत्ता लागत नाही. त्या सरकत्या मजकुराला मंडळी 'पट्टी' म्हणायची, आणि ती चालवणाऱ्या बाई म्हणून या पट्टीताई.

चौदा वर्षं त्या हे करत होत्या. विनोदावर हशा किती टिकेल ते ओळखून मजकूर थांबवायचा, कुणी अडखळलं तर एक ओळ मागे आणायची, कुणी वाहवत गेलं तर दम धरून बसायचं. काम चोख झालं की कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, असलं हे काम.

गेल्या वर्षी मात्र ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

पट्टीवरचा मजकूर हिंदी असायचा, पण इंग्रजी अक्षरांत. निम्म्याहून जास्त नटनट्यांना देवनागरी वाचताना घाम फुटायचा, म्हणून ही रीत पडली होती. गेल्या वर्षी, वर्षभरात निवर्तलेल्या कलावंतांना आदरांजली चालली होती. त्यात एक वयोवृद्ध छायालेखक होते. त्यांच्यासाठीची ओळ साधी होती: 'उनके जाने का हमें गहरा शोक है.' पट्टीताईंनी इंग्रजीत टाइप केलं होतं, एस, एच, ओ, के. मंचावर उभी होती त्या वर्षी सगळ्यात गाजलेली नायिका. ती परमुलखात वाढलेली, हिंदी नुसत्या कानांनी शिकलेली. तिनं अतिशय गंभीर चेहऱ्यानं, डोळ्यांत पाणी आणून वाचलं, 'उनके जाने का हमें गहरा शौक है.'

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळेच. छायालेखकांची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती.

नायिकेची पुढे वर्षभर टर उडवली गेली. ज्याच्या त्याच्या फोनवर तो तुकडा फिरत होता. पट्टीताईंना कुणी काही बोललं नाही, कारण त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या. पण त्यांना चैन पडेना. महिनाभरानं त्या छायालेखकांच्या घरी गेल्या. बाईंनी दार उघडलं, खुर्ची दिली, ऐकून घेतलं.

"मी शोकच लिहिलं होतं," पट्टीताई म्हणाल्या. "पण इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखंच दिसतं."

"म्हणजे तुमचं बरोबर होतं आणि तिचं चुकलं, हे सांगायला आलात का?"

ग्लासातलं पाणीही न पिता पट्टीताई उठल्या.

यंदा जीवनगौरव पुरस्कार संवादलेखक शाईकाकांना जाहीर झाला. वय शहाऐंशी. आजन्म टाकानं लिहिलेलं, त्यामुळे उजव्या हाताची दोन बोटं कायमची निळी. त्यावरून हे नाव पडलेलं. गेलेले छायालेखक त्यांचे चाळीस वर्षांचे जिवलग. शाईकाकांनी आयोजकांना पत्र पाठवलं. 'मी येईन. पण माझ्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. मी एक कागद लिहून बंद पाकिटात देईन. ज्यानं पुरस्कार द्यायचा त्यानं पाकीट मंचावर फोडून तो कागद, मी लिहिलाय त्याच लिपीत, वाचून दाखवायचा. पाठ करून म्हणायला माझे संवाद आहेतच. हे वाचायचं आहे. जमत नसेल तर कळवावं, मी घरीच बरा.'

मोठमोठ्या नटांच्या एकाएकी तारखा भरल्या. एकाचं शूटिंग निघालं, एकाची पाठ धरली. सोहळ्याचा दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण कानाला यंत्र लावून तो जहाज बुडत असल्यासारखा ओरडायचा. आणि मग एक दिवस गेल्या वर्षीचीच नायिका स्वतःहून म्हणाली, "मी वाचीन."

त्या संध्याकाळी ती तालमीच्या हॉलमागच्या छोट्या खोलीत आली. पट्टीताई तारांची वेटोळी गुंडाळत होत्या.

"तुम्ही टाइप केलंत. मी वाचलं. बरोबर?"

"बरोबर."

"मला वाचायला शिकायचंय. एकोणीस दिवस आहेत."

"अहो, शिकवणी लावा. तुम्हाला काय कमी आहे?"

"शिकवणी लावली की दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी. त्याच्यावर आणखी वर्षभर हसतील." ती टेबलाच्या कडेला टेकली. "आणि त्या दिवशी चूक आपली दोघींची होती. मग आपण दोघींनीच काय ते बघूया."

पट्टीताईंनी तार खाली ठेवली. हे वाक्य त्यांना वर्षभर कुणीतरी म्हणायला हवं होतं. "मला शिकवता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण जिला येतं ती माझ्या घरात आहे. उद्या सकाळी साडेसहाला या. आणि एक सांगते, ती तुमचं काही चालू देणार नाही."

घरात पट्टीताई आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघीच. आक्कानं पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. गुडघे कामातून गेले होते, आवाज मात्र शाबूत. नायिका दारात उभी राहिली तेव्हा आक्कानं तिला आपादमस्तक पाहिलं.

"तुझा तो पिक्चर पाहिला, पुरात वाहून जातेस तो. बुडताना एवढं रडतं का गं कुणी? श्वास कधी घेणार? ये, बस. पाटी घे."

नायिकेला वाटलं होतं, 'क'पासून सुरुवात होईल. आक्कानं तिला ग, म, भ, न दिले. एकाला गाठ मार की दुसरं होतं, हे दाखवलं. पाऊण तासानं पाटीवर दोन अक्षरं काढून विचारलं, "काय?"

"म... न." नायिका थबकली. "मन?"

"मन."

"एवढंसंच असतं?" या शब्दाची निदान चाळीस गाणी तिनं पडद्यावर ओठ हलवत म्हटली होती. तो कसा दिसतो, ते ती पहिल्यांदा बघत होती.

"एवढंसंच. आता उलट्या बाजूनं 'नम' लिही, आणि पाठ सरळ ठेव."

रोज साडेसहाला गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची, नायिका डोक्यावरून ओढणी घेऊन चालत यायची आणि आठला शूटिंगला निघून जायची. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर आक्कानं कागद चिकटवले. साखर, मीठ, मिरी, डाळ. एकदा नायिकेनं 'साखर' वाचून डबा उघडला.

"आक्का, यात बटणं आहेत."

"वाचायला सांगितलं होतं. उघडायला कुणी सांगितलं?"

नवव्या दिवशी ती छापील वाक्यं वाचायला लागली. अकराव्या दिवशी जोडाक्षरांनी तिला आडवं केलं. 'द्ध' आणि 'द्व' तिला एकच वाटायचे, 'ज्ञ' पाहिला की डोकं बंद पडायचं. तिनं पाटी बाजूला सारली आणि रडायला लागली; पडद्यावर रडायची तशी नाही, नाक लाल करून, हुंदके देत.

"माझ्याच्यानं नाही होणार. मी एकतीस वर्षांची आहे."

"माझ्या वर्गात रडणाऱ्याला पाणी मिळतं, सुट्टी नाही मिळत," आक्का म्हणाली आणि तांब्या पुढे केला. "पी. मग 'द्ध' पन्नास वेळा."

पट्टीताई शेगडीशी उभ्या राहून चहा गाळत होत्या. त्यांना वाटलं, ही आता उठून जाईल. नायिका पाणी प्यायली, डोळे मनगटानं पुसले आणि पाटी ओढून घेतली. पन्नासाचे साठ झाले तरी तिला भान नव्हतं.

पंधराव्या दिवशी पट्टीताईंच्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही छापील वाचते. पण कागद तर हातानं लिहिलेला असणार! त्या दुपारी त्यांनी एका निवृत्त सहायक दिग्दर्शकाला गाठलं. त्यानं माळ्यावरच्या ट्रंकेतून शाईकाकांच्या हातचे संवादांचे आठ कागद काढून दिले. पट्टीताईंनी ते घरी आणून टेबलावर पसरले आणि तिघी त्यावर वाकल्या.

शाईकाका अक्षरांवर रेघच देत नव्हते. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, ते देव जाणे. 'भ' आणि 'म' जुळे भाऊ, वेलांट्या वाऱ्यावर उडालेल्या.

"हीच लिपी आहे ना?" नायिकेनं हळूच विचारलं.

आक्कानं चष्मा पुसून पुन्हा लावला. "पहिलीत असता तर अंगठे धरून उभा केला असता."

त्या चार दिवसांत तिघींनी ते आठ कागद पालथे घातले. पट्टीताईंनी चौदा वर्षं लेखकांचे हातानं लिहिलेले मसुदे वाचूनच पट्टी टाइप केलेली, त्यांना लवकर सुधरलं. त्या अक्षराची सवय नायिकेला दाखवायच्या: हा 'स' असा मोडतो, हा 'य' इथे लोळतो. शेवटच्या सकाळी नायिकेनं एक अख्खं पान अकरा चुकांसह वाचलं.

"अकरा," ती म्हणाली.

"काल सतरा होत्या," पट्टीताई म्हणाल्या.

"आणि उद्या नाही," आक्का म्हणाली. "आजच काय ते. जा."

सोहळ्याच्या दुपारी चार वाजता कप्तान पट्टीताईंच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. त्याच्या हातात पाकीट होतं. लाखेचा ठिपका लावलेलं.

"वाफेवर धरलं की निघतं," तो म्हणाला. "मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप करा, पट्टीवर ठेवा. पाकीट परत चिकटवू. तिनं हातात कागद धरायचा आणि समोर बघून वाचायचं. म्हातारबुवांना दिसतंय कुठे?"

"आणि तिला हे सांगितलंत?"

"ऐन वेळी पट्टी दिसली की वाचेलच ना ती. कोण नाही वाचणार?"

पट्टीताईंनी पाकिटाकडे पाहिलं. त्यांना धडकी भरली होती, हे खोटं नाही. अकरा चुका त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. पट्टी ठेवली तर पोरगी तरून जाईल, असं मनाचा एक कोपरा म्हणत होता. पण ती पोरगी रोज साडेसहाला कशासाठी आली, तेही त्यांना ठाऊक होतं.

"मी नाही टाइप करणार."

"पट्टीताई, थेट प्रक्षेपण आहे."

"माहीत आहे."

"मग दुसऱ्या कुणाला सांगतो."

"सांगा की. बाहेर सहा जण बसलेत. कुणाला ते अक्षर लागतं का, विचारा."

कप्तानचा चेहरा उतरला. बाहेरच्या सहांपैकी एकालाही शाईकाकांचं अक्षर वाचता आलं नसतं, हे त्यालाही कळत होतं.

"ती मंचावर अडकली, तर जबाबदार कोण?"

"मी."

"मग हे तुमचं शेवटचं वर्ष समजा."

"बरं," पट्टीताई म्हणाल्या. "पाकीट द्या इकडे. मीच तिच्या हातात देते, म्हणजे वाटेत वाफ लागायला नको."

त्यांनी हात पुढे केला. कप्ताननं एकदा दाराकडे, एकदा पाकिटाकडे पाहिलं आणि ते त्या हातावर ठेवलं.

रात्री साडेआठला शाईकाकांना चाकाच्या खुर्चीतून मंचावर आणलं. त्यांची सून मागे उभी राहिली. नायिका माईकपाशी आली, लाखेचा ठिपका नखानं फोडला, कागद उलगडला. पट्टीताई आपल्या खोलीत पडद्यासमोर बसल्या होत्या. समोरची पट्टी काळी. कॅमेरा कागदावरून गेला तेव्हा त्या पुढे वाकल्या.

प्रत्येक शब्दावर रेघ होती. फूटपट्टी लावून ओढलेली, जाड, सरळ रेघ. अक्षरं बोराएवढी, कापऱ्या हातानं सावकाश काढलेली. ती वाचायला शिकते आहे, हे म्हातारबुवांच्या कानावर कुठून तरी गेलं असणार. अट त्यांनी सोडली नव्हती. साठ वर्षांची सवय तेवढी मोडली होती.

नायिकेनं वाचायला सुरुवात केली. 'यह काग़ज़ मेरे बारे में नहीं है.' आवाज हळू, एकेक शब्द पावलागत टाकलेला. शाईकाकांनी लिहिलं होतं, की त्यांचं अक्षर कधीच कुणाला लागलं नाही. पंचावन्न वर्षं त्यांचे संवाद नक्कलनवीस रात्री जागून स्वच्छ लिहून काढायचे, तेव्हा कुठे ते नटांच्या हातात पडायचे. कितीदा त्या लोकांनी लंगडं वाक्य गुपचूप सरळ केलं. टाळ्या मिळाल्या लेखकाला. असे नऊ जण होते. त्यांची नावं आजवर कुठल्याही पडद्यावर आली नाहीत, म्हणून ती आता इथे वाचली जावीत.

आणि खाली नऊ नावं.

पट्टीताईंना तेव्हा कळलं, म्हातारा वाचण्यावर का अडून बसला होता. वाक्य अंदाजानं पुढे ढकलता येतं. नाव अंदाजानं घेता येत नाही.

पहिलं नाव, दुसरं, तिसरं. सभागृहात ती नावं कुणाला माहीत नव्हती. चौथ्या नावात 'द्ध' होता. नायिका थांबली. दोन सेकंद, चार, सहा. मागच्या रांगांतून कुणीतरी खिदळलं. एक आवाज आला, "शौक से पढ़िए!" आणि हशा पिकला.

"पट्टी टाका!" कप्तान पट्टीताईंच्या कानातल्या यंत्रातून ओरडला. "काहीतरी टाका तिच्यासमोर!"

पट्टीताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकमेकांत गुंतवले.

नायिकेनं मान वर केली. समोरच्या काळ्या पट्टीकडे तिनं पाहिलंच नाही. "थांबा," ती माईकमध्ये म्हणाली. "मी वाचतेय." आणि पुन्हा कागदावर वाकून, बोट ठेवून, शाळेतल्या पोरीसारखं ते नाव तिनं तोडून वाचलं, मग जोडून वाचलं, आणि मग तिसऱ्यांदा, जसं माणसाला हाक मारतात तसं.

हशा विरला. पाचवं, सहावं, सातवं. प्रत्येक नावामागून शाईकाकांचे ओठ हलत होते. आठव्या नावाला त्यांनी डोळे मिटले. नवव्यानंतर नायिकेनं कागद घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला, तेव्हा त्यांनी निळ्या बोटांनी तिचं मनगट धरलं.

"किती दिवस लागले?" त्यांनी विचारलं. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"एकोणीस."

"मला पहिलीत दोन वर्षं लागली होती," शाईकाका म्हणाले. या वेळचा हशा निराळा होता.

घरी आक्कानं सगळं टीव्हीवर पाहिलं होतं. पट्टीताई आल्या तशी म्हणाली, "दोन ठिकाणी मात्रा खाल्ली तिनं. तिला सांग, रविवारी ये म्हणावं." आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली.

पुढच्या रविवारच्या पुनर्प्रसारणात तो सगळा भाग कापून अर्ध्या मिनिटाचा केला. नऊच्या नऊ नावं गेली. नायिकेनं निर्मात्यांना फोन केला, पुन्हा केला, चौथ्या फोनला ती ओरडली, तरी काही उपयोग झाला नाही. मग तिनं शाईकाकांकडून तो कागद मागून आणला, आक्काच्या टेबलाशी बसून पुन्हा वाचला, आणि ते चित्रण स्वतःच सगळीकडे पाठवून दिलं. या वेळी चूक एकही नव्हती. त्यानंतर तिनं आपल्याला येणाऱ्या पटकथा देवनागरीत मागायला सुरुवात केली. दोन निर्मात्यांनी नखरे म्हणून तिला सोडलं. तिनंही त्यांना सोडलं.

पट्टीताईंना कुणी काढल्याचं कळवलं नाही, ठेवल्याचंही नाही. त्या छोटीमोठी कामं करत राहिल्या. दहा महिन्यांनी कप्तानचा फोन आला.

"यंदा येताय ना?"

"माझं शेवटचं वर्ष झालं ना?"

"रागात माणूस बोलतो," कप्तान म्हणाला. "दोघांना बसवून पाहिलं. एक झोपला, दुसरा पट्टीच पुढे पळवायला लागला."

"येईन. ज्याला देवनागरी हवी त्याला देवनागरी मिळायची. आणि आदरांजलीची यादी मला दोन आठवडे आधी हवी, घरच्यांच्या फोन नंबरांसकट."

"देवनागरी कोण मागणार आहे? बरं, देऊ. पण नंबर कशाला?"

"प्रत्येक नाव विचारून घेणार."

"एवढे फोन करणार कोण?"

"मी."

"पाठवतो यादी," कप्तान म्हणाला.

यादीत तेवीस नावं होती. पट्टीताईंनी सकाळी दहाला चहा बाजूला ठेवला, कोरी वही उघडली आणि पहिला नंबर फिरवला. एका बाईनं फोन उचलला. पट्टीताईंनी आपण कोण ते सांगितलं, या सोहळ्यात पट्टी चालवते म्हणाल्या, आणि पेन हातात घेऊन विचारलं,

"तुमच्या घरात त्यांना नक्की काय म्हणून हाक मारायचे, तेवढं मला एकदा सावकाश सांगाल का?"